दुपट्ट्याखालचा पाय

योगासनं शिकवणाऱ्या माणसाचा गुडघा वाकेनासा झाला तर त्यानं काय करावं, हे कुठं लिहिलेलं नाही. मी बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, आसनं सोडा. बायको म्हणाली, वर्ग सोडा. सोडण्यापलीकडचं काही कोणाला सुचलं नाही.

मी साकोलीच्या बैलबाजारातला दलाल. बाप लोकांची गुरं राखायचा. वारसा म्हणून मला एक कासरा मिळाला, आणि त्याच्या टोकाला बैल नव्हता. पुढं जे मिळवलं ते जिभेच्या आणि आवाजाच्या जोरावर. बाजारात माझा आवाज हायवेपर्यंत जायचा. बैलाच्या दातांवरून, म्हणजे वयावरून, वाद झाला की माझ्या कानशिलाची शीर उडायला लागायची आणि समोरचा भाव मान्य करायचा. मला वाटायचं, हा माझा गुण आहे.

सत्तरच्या दशकात भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तो रोग असल्याचं सांगितलं. रक्तदाब. राग कमी करा, योग वगैरे करा, असं म्हणाले. त्या वेळी भंडाऱ्यात वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका देवळात गणिताचे एक निवृत्त मास्तर सकाळी योगाचा वर्ग घ्यायचे. साकोलीहून पहिली बस धरून मी तिथं जाऊ लागलो. वकील, भांड्यांचे दुकानदार, कचेरीतले लोक, सगळे पांढऱ्या बनियनमध्ये. कोणी डोक्यावर उभा, कोणी धनुष्यासारखा वाकलेला. मास्तरांनी मला खालून वर पाहिलं, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं आणि खांबाजवळ, चपला काढायच्या जागेशेजारी, बसवलं.

"तुम्ही बसा. डोळे मिटा. श्वास येतो-जातो, तो फक्त पाहा."

पहिल्या दिवशी मी बसलो. आठवडाभर बसलो. थंडी सरली, उन्हाळा आला, तरी मी चपलांजवळच.

एकदा न राहवून म्हणालो, "सर, मलाही एखादं आसन द्या ना."

"बसणं हेच तुमचं आसन," ते म्हणाले आणि दुसऱ्याची कंबर सरळ करायला गेले.

आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस मी. माल द्यायचा नसला की माणूस कसं गोड बोलतो ते मला चांगलं कळतं. सगळ्यांना बैल दिले आणि माझ्या हातात नुसतं दावं ठेवलं, ही गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी रुतली. गुराख्याचा पोरगा म्हणून खांबाजवळ बसवलं, हेच मी धरून चाललो. मग मीही माझा धंदा केला. एक डोळा मिटायचा आणि दुसरा किलकिला ठेवून इतरांची आसनं पाहायची. घरी येऊन गोठ्यामागे ती करायची. बायको शेण काढता काढता म्हणायची, "पाहा, बैल घाबरून राहिले तुमाले."

वर्षभरात मी मास्तरांच्या वर्गातल्या कोणाही वकिलापेक्षा चांगलं मयूरासन करू लागलो. दोन्ही तळहात जमिनीवर, कोपरं पोटात, आणि अख्खं अंग काठीसारखं हवेत आडवं. मग भंडाऱ्याला जाणं बंद केलं. मास्तरांना सांगितलंही नाही.

ऐंशी सालानंतर साकोलीत एका भातगिरणीच्या धान वाळवायच्या ओट्यावर मी स्वतःचा वर्ग काढला. आसनं दिसण्यासारखी असायची, म्हणून लोक आले. तहसिलीतले बाबू, शाळेतले मास्तर, किराणावाले. बाजारात ज्यांना मी 'अबे' म्हणायचो ते मला इथं 'गुरुजी' म्हणायचे. वर्गात शेवटी ध्यान असतं असं मी ऐकून होतो, पण ते मी कधी घेतलं नाही. डोळे मिटून बसणं म्हणजे चपलांजवळची जागा, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

आसगावचं सांगायला हवं. ती माझी सासरवाडी. बायकोचे थोरले भाऊ म्हणजे बांधाबांधाला धान असलेले, पिढीजात शेतकरी. बहीण दलालाला दिली याचं त्यांना कायम वाईट वाटायचं, आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटायची नाही. मी पंगतीला बसलो की हमखास विचारायचे, "का जवाईबापू, यंदा किती म्हातारे बैल जवान केले?" सगळे हसायचे, मीही हसायचो आणि घरी येऊन बायकोवर ओरडायचो. पण एका वर्षी आसगावच्या शाळेत मी मयूरासन करून दाखवलं, आणि भावानं स्वतःच्या हातानं माझ्यासाठी खुर्ची आणली. ती खुर्ची मी विसरू शकलो नाही.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी गाडीवरून उतरवताना एक बिथरलेला बैल माझ्यावर आला. मी त्याच्या आणि चाकाच्या मध्ये सापडलो आणि गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखा सरळ राहिला होता.

वर्ग मी बंद केला नाही. बंद केला असता तर 'गुरुजी' गेलं असतं आणि 'अबे' उरलं असतं. आता मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं. मोराला आधी गुडघ्यांवर बसून तोल घ्यावा लागतो, म्हणून तोही गेला. एक पाय दुमडून आणि दुसरा समोर लांब करून बसता यायचं, एवढंच. म्हणून मी ध्यान शिकवायचं ठरवलं. दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

पण लोकांकडे पाय करून बसायचं? आपल्याकडे लहान पोरालाही सांगतात की मोठ्यांकडे पाय करू नये. गुरुजी म्हणून बसायचं आणि समोरच्यांच्या तोंडाकडे तळवा दाखवायचा, याची मला इतकी लाज वाटायची की मी खांद्यावरचा दुपट्टा काढून पायावर पसरायचो. पाय झाकला जायचा आणि दुपट्ट्याखाली लाकडाचा ओंडका ठेवल्यासारखं दिसायचं.

आणि मी ध्यान विकायला सुरुवात केली. विकायलाच म्हणतो, कारण मला दुसरं येत नव्हतं. ध्यानानं झोप येते, ध्यानानं भूक लागते, पोट साफ होतं, बुद्धी वाढते, चेहऱ्यावर तेज येतं. मी बोलत सुटायचो. समोर बसलेले लोक माझ्याच बाजारातून बैल नेलेले. दलाल ज्या बैलाची फार तारीफ करतो त्याचा खूर आधी तपासावा, हे इकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मी जेवढं तेज-तेज करायचो तेवढी त्यांची नजर दुपट्ट्याखालच्या पायाकडे जायची. मला ती कळायची, कारण मी तिथंही एक डोळा उघडा ठेवून बसायचो. कोण हसतं, कोण घड्याळ पाहतं, कोण उठायच्या बेतात आहे.

एका सकाळी एक किराणावाला खोकायला लागला. एकदा, दोनदा, थांबेचना. मी ओरडलो, "काहून खोकून राहिला? मन शांत ठेवा म्हणलं ना!" आवाज गिरणीच्या पत्र्यावर आपटला. कोणीतरी फसकन हसलं आणि मग सगळेच हसले. किराणावाला दुसऱ्या दिवसापासून आला नाही, आणि त्याच्याबरोबर बरेच गेले. राहिलेल्यांत दोघे म्हातारे होते, ते येऊन घोरायचे.

अशात बायकोचे भाऊ साकोलीला आले. आसगावच्या शाळेत पुन्हा कार्यक्रम ठेवला होता. "तुमचा मोर पाहाले अख्खं गाव येईन," ते म्हणाले. पायाला बैल लागल्याचं त्यांना माहीत होतं. पाय वाकत नाही, हे माहीत नव्हतं. ते आले तेव्हा मी खाटेवर पाय लांब करून दुपट्टा घेऊन बसलो होतो, तसाच राहिलो. 'नाही' हा शब्द ओठावर आला होता. पण ती खुर्ची आठवली. मी म्हणालो, "येतो."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "आता एका टांगेचा मोर नाचवता का?"

"ध्यान शिकवीन."

"आमच्या गावात? त्याईले डोळे मिटा म्हणान तर झोपतीन जी ते. अन् दादा काय म्हणतीन ते मी आताच सांगू का?"

सांगायची गरज नव्हती. बाजारात फसवणूक झाली की माणूस बैल परत करतो. जावई परत करता येत नाही, एवढंच काय ते. त्या रागात मी भंडाऱ्याची बस धरली. सगळ्याचं मूळ मास्तरांत आहे, असं मला वाटत होतं. त्यांनी मला नीट शिष्य केलं असतं, नीट काही दिलं असतं, तर आज हातात देण्यासारखं काही असतं.

मास्तर आता देवळात जात नव्हते. मोतीबिंदू झालेला, घराच्या ओट्यावर बसलेले. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, म्हणजे मी किती मोठ्यानं बोलत होतो ते समजावं. इतकी वर्षं जपलेलं सगळं मी त्यांच्यापुढं ओतलं. खांब, चपला, वकील. शेवटी विचारलं, "मला एकट्यालाच काहून बसवलं?"

मास्तरांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाले, "खरं सांगू? भीती वाटली. तुमचा रक्तदाब इतका, आणि डोक्यावर उभे राहिले असता, देवळात काही झालं असतं तर मी तुमच्या घरच्यांना काय तोंड दाखवलं असतं? म्हणून बसवलं."

अपमान म्हणून मी जे वर्षानुवर्षं उगाळलं, ती एका म्हाताऱ्याची भीती होती. माझ्याच जिवाची.

"म्हणजे ते योग नव्हतंच," मी म्हणालो.

"असं कसं? आसन म्हणजे मुळात बसणंच हो. बाकीची वाकवावाकवी कशासाठी, तर शेवटी बसता यावं म्हणून. शरीर कुरकुर करू नये म्हणून. ध्यान हा योगच आहे. इतरांना मी शेवटचं शेवटी दिलं. तुम्हाला आधी दिलं." ते पुढं म्हणाले, "पण तुम्ही एक डोळा उघडा ठेवायचात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला तेव्हा चांगलं दिसायचं."

माझे कान तापले, पण या वेळी रागानं नाही. मी खाली पाहत विचारलं, "आता आसगावला जायचं आहे. काय शिकवू?"

"तुम्हाला जे ठाऊक असेल ते."

"मला बैलांशिवाय काय ठाऊक, सर?"

त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मी हिशोब लावत बसलो, की मी दोन्ही डोळे मिटून असा कधी बसलो होतो. देवळात नाही, गिरणीच्या ओट्यावर नाही. पण बाजारात बसलो होतो. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं होत नाही. दोघं समोरासमोर येतात, हातावर दुपट्टा टाकतात आणि खाली बोटं धरून भाव सांगतात. चार लोक भोवती उभे असतात, त्यांना काही कळू द्यायचं नसतं. ओरडणं, दातांवरून भांडणं, सगळं त्याच्या आधी. एकदा का हात दुपट्ट्याखाली गेला की मी गप्प व्हायचो. डोळे आपोआप मिटायचे. समोरच्याचं बोट हलतं का, दाबतं का, अडखळतं का, याच्याशिवाय जगात काही उरायचं नाही. गुरं हंबरायची, ती ऐकू यायची आणि निघून जायची. श्वास इतका हळू व्हायचा की आहे की नाही कळू नये. कानशिलाची शीर त्या वेळी उडत नसे. हे मला इतकी वर्षं माहीत होतं आणि मी त्याला काही किंमत दिली नव्हती.

आसगावला शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पुढं म्हातारे, मागं बाया, त्यात माझी सासू आणि तिच्याशेजारी बायको. भावानं तीच खुर्ची आणली होती. मी खुर्चीवर न बसता खाली बसलो, कारण खुर्चीवरून तळवा थेट लोकांच्या तोंडासमोर आला असता. पाय लांब केला आणि त्यावर दुपट्टा टाकला. भाऊ म्हणाले, "आता आमचे जवाईबापू मोर करून दाखवतीन."

मी सुरू केलं. ध्यानानं झोप येते, ध्यानानं तेज येतं. माझं मलाच ऐकू येत होतं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा, ज्याला मी एकेकाळी जोडी विकली होती, म्हणाला, "बोलणं पुरे ना जी जवाई. माल दाखवा."

पटांगण हसलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझी शीर उडायला लागली. तोंडात शिवी तयार होती, बाजारातली, आणि सासू समोर होती. तसाच उठून निघून जावं असंही वाटलं. पण खाली बसल्यावर उठायला मला दोन माणसं लागायची, तेव्हा तेही जमण्यासारखं नव्हतं.

मग बसमध्ये आठवलेला दुपट्ट्याखालचा सौदाच यांना दाखवावा असं सुचलं. दुपट्टा तर एकच होता, आणि तो पायावर होता.

मी तो काढला. पाय उघडा पडला. काळवंडलेला गुडघा, वाळून बारीक झालेली पोटरी, आणि तळवा सरळ सासऱ्याच्या वयाच्या माणसांकडे. कोणीतरी मागून च्-च् केलं.

"हा पाय वाकत नाही," मी म्हणालो. "मोर होणार नाही. पुढंही कधी होणार नाही. पाय तुमच्याकडं होऊन राहिला, माफी असावी."

हसणं थांबलं. ते थांबल्याचं मला हसण्यापेक्षा जड गेलं. भाऊ माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते पाहायची माझी हिंमत नव्हती. मी हात पुढं केला. "दादा, इकडं या. हात द्या."

ते आले, बसले. मी दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला.

"कायचा सौदा?" ते हळूच म्हणाले.

"कायचाच नाही. डोळे मिटा. माझं बोट कधी हलते ते पाहा."

हे त्या पटांगणातल्या एकाही पुरुषाला समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्येकानं आयुष्यात कधी ना कधी दुपट्ट्याखाली बोटाची वाट पाहिली होती. म्हातारे एकमेकांकडे वळले आणि आपापले दुपट्टे काढू लागले. मागं बायांमध्ये खुसखुस झाली. बायको आपल्या आईला म्हणत होती, "इकडं दे तुहा हात," आणि तिनं वर पदर टाकला.

मी कसलीच तारीफ केली नाही. एवढंच म्हणालो, "बोट हलणार नाही. तरी वाट पाहा. मन दुसरीकडं गेलं तर परत बोटावर आणा. बोलवणं पाठवू नका, नुसतं आणा." जरा वेळानं म्हणालो, "आता हात तिथंच राहू द्या आणि जशी बोटाची वाट पाहता तशी श्वासाची पाहा. तो येईन. त्याचा भाव करू नका."

माझा आवाज मला नवा वाटत होता. ओरडण्यात कधीही नव्हती अशी खात्री त्यात होती. आणि त्याच वेळी मी लाजेनं भिजून गेलो होतो. त्या उघड्या तळव्यावर सगळ्या गावाची नजर आहे असं वाटत होतं, आणि एक डोळा उघडून ती आहे का ते पाहावं अशी फार इच्छा होत होती. भावाचा हात माझ्या हातात होता, राठ, गरम. डोळा उघडला तर बोटातून त्यांना कळलं असतं. बाजारात असं कळतं. मी दोन्ही डोळे मिटून राहिलो. लाज गेली नाही. आली, थांबली, थोडी बाजूला झाली, परत आली. मी तिचीही वाट पाहत बसलो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. भाऊच म्हणाले, "हात सोडायचा केव्हा ते तुमी सांगतलंच नाई जी."

डोळे उघडले तर काही लोक निघून गेले होते. एकजण खरोखर झोपला होता. बाकीचे बसले होते, दुपट्टे हातावर. तो माल मागणारा म्हातारा अजून डोळे मिटूनच होता, आणि त्याच्या जोडीदाराची हात काढायची हिंमत होत नव्हती.

जेवताना दादांनी विचारलं, "पायाचं काहून नाई सांगतलं तवा?"

"सांगितलं असतं तर बोलावलं असतं?"

त्यांनी भाताचा घास घेतला, चावला. "नाई," म्हणाले. मग माझ्या ताटात वरण वाढलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात या. म्हातारे इचारून राहिले."

बैलांवरून त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. त्याचीही मला लाजच वाटली. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

परतताना बसमध्ये गर्दी होती. पाय वाकत नसल्यानं तो वाटेत आला होता. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि म्हणाला, "ओ, पाय घ्या आत."

बायकोनं सवयीनं माझ्या दंडावर हात ठेवला, आता हा ओरडणार म्हणून. दुपट्टा माझ्या खांद्यावरच होता.

"वाकत नाही," मी म्हणालो. "ओलांडून जा."

तो ओलांडून गेला. मागचे लोकही एकेक करून ओलांडत गेले, कोणी पाहत, कोणी न पाहता. बायकोनं हात काढला नाही.